मागच्या सीटवरची दांडी

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर मला टाइप करता येतं, लिहिता येतं की नाही माहीत नाही. दुसरं म्हणजे गोष्ट गेमची आहे, आणि गेमचं नाव काढलं की अर्धे लोक "रिकामटेकडी पोरं" म्हणून पुढे जातात. पण काल मामा म्हणाला, "दिवसभर टकटक करत असतोस, एकदा आम्हाला वाचता येईल असं काहीतरी टकटक की!" मामाचं लाँड्रीचं दुकान आहे, मी काउंटर सांभाळतो. गिऱ्हाईक आलं की थांबतो, गेलं की लिहितो. मधेच काही तुटल्यासारखं वाटलं तर समजायचं, कोणाचा तरी कोट आला होता.

आधी मॉड म्हणजे काय ते सांगतो. कोणीतरी बनवलेला गेम असतो. तो आतून उघडायचा आणि त्यात आपल्याला हवं ते घालायचं. दुसऱ्याने शिवलेल्या शर्टाला आपले खिसे लावण्यासारखं. हे मला कोणी शिकवलं नाही. मोडत गेलो, शिकत गेलो.

आमचा गेम जुना आहे. शंभरेक वर्षांपूर्वीची कापडी विमानं, वर एक पंख, खाली एक पंख. मूळ गेममध्ये नुसती ठो-ठो लढाई. आम्ही बंदुका काढल्या आणि टपालाच्या पिशव्या घातल्या. इथून उडायचं, तिथे पिशवी पोचवायची, परत यायचं. बस. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण एकदा खाली रूळ बघत बघत उडायला लागलात की उठवत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि फूटपट्टी. फूटपट्टी माझा शाळेपासूनचा मित्र. उंच, सरळ, आणि सगळं मोजून बघणारा. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. नंबर केसभर इकडेतिकडे झाला तर याला जेवण जात नाही. जुन्या विमानांची पुस्तकं, वैमानिकांना दिलेल्या सूचना, असलं काय काय शोधून वाचतो. त्याचं म्हणणं, जे तेव्हा नव्हतं ते आपल्या मॉडमध्ये नको. माझं म्हणणं, ज्यात मजा नाही ते कुठल्याच मॉडमध्ये नको. म्हणून तो मला "सर्कस" म्हणतो.

भांडून भांडून शेवटी आम्ही एक नियम केला. एक खरं, एक गंमत. त्याने एक खरी गोष्ट घातली की मला एक गंमत घालायचा हक्क. त्या विमानांमध्ये अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं, त्यामुळे विमान उजवीकडे पटकन वळायचं आणि डावीकडे वळताना रुसायचं. ते त्याने घातलं. बदल्यात मी मागच्या सीटवर कुत्रा बसवला. वेग वाढला की त्याचे कान फडफडतात. त्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल असायचं, ते उडून वैमानिकाच्या चष्म्यावर यायचं. तेही आलं, स्क्रीनवर हळूहळू तेलकट डाग पडायला लागले. मग एक दिवस हा काउंटरवर कोपर टेकून गंभीरपणे म्हणतो, "ते वैमानिकांच्या पोटातही जायचं."

"मग?"

"मग काय मग? एरंडेल आहे. लांबच्या फेरीत मधेच उतरावं लागत असणार."

"तू मला विमानात संडासची घाई घालायला सांगतोयस?"

"खरं ते खरं."

मागे इस्त्री करत असलेला मामा एवढा हसला की कोणाच्या तरी पँटला एका पायावर दोन घड्या पडल्या. ते मात्र आम्ही घातलं नाही. कुठेतरी थांबायला पाहिजे.

आता काका. काका म्हणजे फूटपट्टीचे बाबा, ड्रायव्हिंग स्कूलवाले. आमच्या भागात जो गाडी चालवतो त्याला काकांनीच शिकवलेलं असतं. त्यांच्या शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. मीही त्याच गाडीत शिकलो, त्याच गाडीत शिव्या खाल्ल्या. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं बरंचसं परत आलं. चालणं काठी घेऊन आलं. उजवा हात मात्र आला नाही. म्हणजे आहे जागेवर, पण पाहुण्यासारखा. मांडीवर बसून राहतो.

व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. काकांनी तो खिडकीतून खाली टाकला. काकूंनी जाऊन आणला. काकांनी परत टाकला. "दाबून दाबून काय होणार? रस निघणार आहे का त्यातून?" शेवटी बाई काकूंना म्हणाल्या, "हाताला शिक्षा नको, काम द्या. त्यांना स्वतःहून करावंसं वाटेल असं काहीतरी."

तेव्हा फूटपट्टीने आमचं विमान लावून दिलं. जॉयस्टिक उजव्या हातात, वरून डाव्याचा आधार. आम्ही तिला दांडीच म्हणतो. त्या इंजिनांचा वेग कमी-जास्त करायची सोय जवळजवळ नव्हतीच. दांडीवर एक बटण असायचं. दाबलं की इंजिनचा श्वास क्षणभर रोखला जायचा, सोडलं की परत भसकन चालू. उतरताना दाब-सोड, दाब-सोड करत यायचं. फूटपट्टीने ते जसंच्या तसं घातलं होतं. तेव्हा मी भांडलो होतो, एवढं दाबत कोण बसणार म्हणून. आणि नेमकं तेच बटण काकांच्या अंगठ्याला लागू पडलं. बाईंनी एकदा शेजारी बसून बघितलं आणि म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. पण अंगठा हलतोय. हे थांबवू नका."

गोची एकच होती. काका रोज पडायचे.

उडायचे झकास. रूळ बघत, कुत्र्याशी गप्पा मारत. आणि उतरताना धाडकन. नाक जमिनीत, शेपूट आभाळात. अंगठा वेळेवर यायचाच नाही. सुरुवातीला स्वतःच हसायचे. मग हसणं कमी झालं. एक दिवस मी गेलो तर काकूंनी दारातच मला धरलं. हळूच म्हणाल्या, "अरे, आज लावूच नका म्हणत होते. रोज रोज तोंडावर पडायची हौस नाही मला, म्हणाले."

मी फूटपट्टीला गाठलं. "थोडं सोपं करू या."

"काय सोपं करणार? बटण काढणार? मग अंगठा कशाला हलवतील ते?"

"काढत नाही रे. शेवटी शेवटी जरा सांभाळून घेऊ."

"आणि कळलं तर?"

"कसं कळणार?"

"सर्कस, तो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून हेच ओळखत आलाय."

त्याचंही बरोबर, माझंही बरोबर. असं झालं की फार वैताग येतो. कोणीतरी एक जण चुकीचा असला की कसं बरं असतं.

आता माझा घोळ. दुकानात मी गेम तपासतो तो एका हाताने. दुसऱ्या हातात पावत्या नाहीतर हँगर. एका हाताने ते विमान उतरवणं अशक्य, म्हणून मी माझ्यापुरती एक सोय करून ठेवली होती. विमान जमिनीजवळ आलं की कॉम्प्युटर आपण होऊन नाक सावरायचा आणि इंजिन रोखायचा. तिचं नाव मी मावशी ठेवलं होतं, पडायच्या आत उचलून घेते म्हणून. मॉड बाहेर द्यायच्या आधी मावशी बंद करायची, हे ठरलेलं. त्या दिवशी मी तेलाचे डाग थोडे कमी चिकट केले होते आणि ते काकांच्या कॉम्प्युटरवर घालायला निघालो होतो. तेवढ्यात एक गृहस्थ पडदे घेऊन आले. अख्ख्या घराचे. ते उलगडून, डाग बघून, खुणा लावून होईपर्यंत डोक्यातून सगळं गेलं. आणि मावशी चालूच राहिली.

काका खुर्चीत. मी शेजारी स्टुलावर. फूटपट्टी नुकताच कामावरून आलेला, दाराला टेकून चहा पितोय. विमान खाली यायला लागलं. मागून वारा, वेग भलताच. मी मनात म्हटलं, गेलं. आणि इंजिन थांबलं, चालू झालं, परत थांबलं, नाक अलगद वर आलं आणि चाकं गवतावर टेकली. टेकली, धावली, थांबली. कुत्र्याचे कान खाली पडले.



मग काका ओरडले, "उतरलं! अगं ए, उतरलं!"

काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं?"

"विमान उतरलं!"

"मग एवढं ओरडताय कशाला? मला वाटलं तुम्ही पडलात."

काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि काकूंना दाखवला. जणू बाजारातून नवीनच आणलाय. काकूंनी पिठासकट तो हात धरला. दोघंही हाताकडे बघत राहिले.

मला मावशी तेव्हाच आठवली. 

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा लाल दिवा आहे. बटण दाबलं की लागतो. फूटपट्टीनेच हट्टाने लावून घेतलेला. इंजिन दोनदा थांबलं होतं आणि दिवा एकदाही लागला नव्हता. फूटपट्टीने कप खाली ठेवला. "जरा बाहेर ये."

जिन्यात आलो.

"तू केलंस."

"चुकून."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"आईशपथ चुकून. पडदे आले होते."

"काय आले होते?"

"पडदे! दुकानात. अख्ख्या घराचे. मावशी बंद करायची राहिली."

तो माझ्याकडे बघत राहिला. चष्म्याची काच उजेडात धरून बघतो ना, तसा. "बरं. चुकून. मग आत लगेच का नाही बोललास?"

"तू त्यांचा चेहरा बघितलास ना?"

"बघितला ना." तो पायरीवर बसला. एवढा उंच माणूस घडी घातल्यासारखा दिसत होता. "दोन वर्षांत असा चेहरा बघितला नव्हता मी. आणि तोही खोट्यावर निघाला."

सांगून टाकू म्हणून आत गेलो, तर काका फोनवर. पलीकडे पेट्रोलपंपवाला, त्यांचा जुना विद्यार्थी. "तुला मेल्या गाडी मागे घ्यायला महिना लागला होता, मी विमान उतरवलं, विमान!" फूटपट्टीने तोंड उघडलं आणि मिटलं. मीही मूग गिळून गप्प. बाहेर पडताना तो म्हणाला, "उद्या तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामावर दुकान सोडून गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. काका खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर. समोर विमान खाली येत होतं. दांडी टेबलावर एकटीच. इंजिन थांबलं, चालू झालं, नाक वर आलं, चाकं टेकली.

"बघ," काका म्हणाले. "किती शहाणं विमान आहे. मी नसलो तरी चालतंय त्याला."

माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "काका, ते माझ्याकडून चुकून..."

"सकाळी सहज हात काढून बघितला. शिकवताना मी हेच करायचो. गाडी नीट चालायला लागली की पाय वर घ्यायचो. बघायचो, गाडी नक्की कोण धरतंय. पोरगा की मी." ते जरा थांबले. लांब बोलायचं तर त्यांना मधे थांबावं लागतं. "तू शिकत होतास. वळणावर सायकलवाला आडवा आला. आठवतंय?"

"हो."

"गाडी कोणी थांबवली?"

"तुम्ही."

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही ओरडलात. ‘माझा पाय!’ म्हणून."

"दर वेळी ओरडायचो. लोक हसायचे मला. पण नाही ओरडलो तर पोराला वाटणार, आपणच थांबवली. तो खूश, घरी सांगणार, घरचे खूश. आणि एक दिवस मी शेजारी नसताना..." ते परत स्क्रीनकडे बघायला लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बंद कर ते," एवढंच म्हणाले.

मी मावशी बंद केली. पण त्यांना म्हणायचं होतं सगळंच बंद कर. त्या दिवसापासून त्यांनी दांडीला हात लावला नाही. चेंडू परत आला आणि परत खिडकीतून गेला. या वेळी तो आणायला कोणी खाली उतरलं नाही. बाई येऊन अंगठा वाकवून बघून गेल्या. काकूंना म्हणाल्या, परत ताठ होत चाललाय.

फूटपट्टी माझ्याशी बोलायचा बंद झाला होता. मग एके दुपारी काउंटरवर एक शर्ट येऊन पडला. वर बघितलं तर हा.

"इस्त्रीला आहे."

"नाव?"

"फाजीलपणा करू नकोस."

"शर्टाला इस्त्री केलेली आहे रे."

"मग परत कर."

मामा मागून म्हणाला, "अरे, बोला की सरळ! शर्टाचा कशाला जीव घेताय?"

मग आम्ही बोललो. बोललो म्हणजे तो म्हणाला, "बाबा कालपासून खिडकीत बसून लोकांच्या गाड्या बघतायत. कोणी चुकीची लावली तर शिव्यासुद्धा देत नाहीत." मला कळलं हे किती वाईट आहे. मी त्याला उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुझ्या त्या काळात विमान शिकवायचे कसे रे? पहिल्या दिवशी एकट्यालाच वर सोडायचे?"

"छे. दोन सीटची विमानं असायची शिकायला. मास्तर एका सीटवर, पोरगा एका सीटवर. दोघांकडे दांडी. दोन्ही आतून जोडलेल्या, एक हलली की..."

तो थांबला. मीही थांबलो.

"दोन ब्रेक," मी म्हटलं.

"दोन ब्रेक," तो म्हणाला.

मामा म्हणाला, "काय झालं? शॉक बसला काय दोघांना?"

दुसरी दांडी लावायची म्हणजे कोणाचा हात कधी वरचढ, हे ठरवायचं. फूटपट्टी आकडे द्यायचा, मी घालायचो, विमान उलटं व्हायचं, तो नवीन आकडे द्यायचा. आमच्या नियमाप्रमाणे मी विचारलं, "हे कोणाच्या खात्यात? खरं की गंमत?" त्याने बराच विचार केला. म्हणाला, "आधी बनव." मास्तरला बसवायला मागची सीट हवी होती. म्हटलं, चला, कुत्रा गेला, तुझ्या मनासारखं झालं.

"कुत्रा जायचा नाही," फूटपट्टी म्हणाला.

"अरे, तूच म्हणायचास कुत्रा खोटा आहे!"

"बाबा बोलतात त्याच्याशी."

मग कुत्रा टपालाच्या पिशव्यांमध्ये गेला. डोकं तेवढं बाहेर. कान शाबूत.

मास्तरने दांडी हातात घेतली की शिकणाऱ्याला कळायला हवं होतं. मी स्क्रीनवर अक्षरं आणली, "मदत मिळाली". आम्ही दोघं काकांकडे गेलो. खेळायचं नाही, म्हटलं, फक्त सांगा हे बरोबर आहे का.

काकांनी वाचलं. "मदत मिळाली? हा काय बँकेचा मेसेज आहे?" त्यांनी मान हलवली. "आवाज पाहिजे. दचकला पाहिजे माणूस. ‘माझा हात!’ असा."

"मग तुम्हीच द्या ना," फूटपट्टी म्हणाला.

काकांनी मोबाइल जवळ ओढला. पहिल्यांदा ‘माझा’ जिभेवर जड झाला. "पुसून टाक." परत म्हटलं. "पुसून टाक." परत. आतून काकू म्हणाल्या, "अहो, शेजारचे धावून येतील आता!" तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

आमचा बेत असा होता की फूटपट्टी मास्तर होणार आणि काकांना पुढे बसवायचं, हळूहळू समजूत काढून. पण आधी जोडणी बघायची म्हणून फूटपट्टी पुढे बसला आणि दुसरी दांडी मी सहज काकांच्या उजव्या हाताजवळ ठेवली. दुसरीकडे जागाच नव्हती, खरंच.

एक गोष्ट सांगायची राहिली. फूटपट्टीला त्या विमानाचा खिळा न खिळा माहीत आहे, पण त्याला ते उडवता येत नाही. हात दगडासारखा. नेहमी तो आकडे द्यायचा आणि उडवायचो मी. आता तो विमान खाली आणत होता आणि विमान वाट्टेल तसं डुलत होतं.

"नाक," काका म्हणाले.

"हो."

"अरे नाक बघ! वेग किती? बटण दाब! दाब की... अरे गाढवा!"

आणि कॉम्प्युटरमधून काकांच्याच आवाजात खणखणीत आलं, "माझा हात!"

कोपऱ्यातला लाल दिवा लागला. विझला. परत लागला.

काकू दारात उभ्या होत्या. त्या दिव्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. काकांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते ओरडत होते. "डावीकडून कशाला आलास वळून? इंजिन उजवीकडे ओढतंय, दिसत नाही? उजवीकडून ये! कोणी शिकवलं तुला?" ज्याने ते ओढणं मोजून मोजून घातलं होतं, तो म्हणाला, "हो बाबा." विमान एका चाकावर टेकलं, वाकडंतिकडं गेलं आणि कुंपणाला घासून उभं राहिलं. अजिबात सुंदर नाही. पण उभं राहिलं.

"परत लाव," काका म्हणाले. "हा असा गेला तर मरेल."

मग रोज शिकवणी. फूटपट्टी कामावरून आला की थेट खुर्चीत, हात-पाय धुवायचीसुद्धा परवानगी नाही. काकांच्या शिव्या परत आल्या, जिन्यापर्यंत ऐकू येणाऱ्या. शिकवताना बटण त्यांनाच दाबायला लागायचं, शेकडो वेळा, कारण पोरगा मठ्ठ. पोरगा किती मुद्दाम मठ्ठ आणि किती खरा, हे मी विचारलं नाही. बाईंनी अंगठा वाकवून बघितला आणि चेंडू आपल्या पिशवीत परत टाकला.

महिन्याभराने काका स्वतःच म्हणाले, आता मी पुढे. फूटपट्टी मागे बसला. आता चूक झाली की काकांवर त्यांचाच आवाज ओरडायचा. "कोण आहे रे हा? फारच उद्धट आहे." पण ओरडणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. आम्ही ती आवृत्ती सगळ्यांसाठी नेटवर ठेवली. लांब कुठला तरी एक जण लिहितो, तुमचे काका काय ओरडतात ते आम्हाला कळत नाही, पण पाठ ताठ होते.

आणि परवा काकांनी जाहीर केलं. उद्या, रविवारी, एकटे. मागची सीट रिकामी, आवाज बंद, वारा येईल तसा. पेट्रोलपंपवाल्यालाही बोलावलंय. "शिकवणी संपली की परीक्षा असते," म्हणाले. "आणि परीक्षेला मास्तर शेजारी नसतो."

इथपर्यंत लिहिलं आणि आत्ताच फूटपट्टी येऊन गेला. आज शर्टसुद्धा आणला नव्हता. काउंटरवरची पेनं सरळ रेषेत लावत उभा राहिला.

"एक काम होतं."

"बोल की."

"उद्याचा वारा. मागून येतो तो." पेनं परत एकदा सरळ. "पूर्ण नाही म्हणत मी. थोडा कमी करता येईल का?"

मी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "कोण बोलतंय हे? फूटपट्टी?"

"हळू बोल."

"जिन्यात मला काय काय ऐकवलं होतंस!"

"माहितीये रे. सगळं माहितीये. पण सगळे असणार उद्या. पडले तर?"

"तर पडले. रोज पडायचे की."

"तेव्हा मी दारात असायचो, चहा पीत. नंतर मागच्या सीटवर. हाताशी दांडी होती." त्याने माझ्याकडे बघितलं. "उद्या मी नुसता शेजारी बसणार. पडले की पहिलं माझ्याकडे बघतील. तेव्हा मी काय तोंड करू, सांग मला."

एक आकडा होता. बदलायला एवढासुद्धा वेळ लागला नसता. आणि केसभर चुकलं तर न जेवणारा हा माणूस माझ्या काउंटरवर येऊन तो आकडा मागत होता. नाही म्हणायला मला किती जड गेलं, ते त्याला कळलं नसणार.

"वारा हलवणार नाही," मी म्हटलं. "पण मी तुमच्या दोघांच्या मधे बसतो."

"मधे?"

"मधे. स्टूल टाकून. विमान पडलं, तर त्यांनी मान वळवायच्या आत मी विचारीन, ‘काका, परत लावू?’ तुझ्यापर्यंत त्यांची नजर येऊच देणार नाही. तुला कसलंच तोंड करायला नको."

त्याने एक पेन अजून सरळ केलं. मग म्हणाला, "आणि उतरलं तर?"

"तर मी स्टूल घेऊन बाजूला होईन. मग तुला करायचं ते तोंड कर, मी बघणारसुद्धा नाही. शब्द देतो."